टाकीला जोड बाहेरून घ्यावा का?

गच्चीवर, शेताच्या बांधावर, सोसायटीच्या पंपखोलीत ही वेळ कधी ना कधी येतेच. टाकी बसलेली असते, पाइप पुरलेला असतो, आणि मग लक्षात येतं की इथं आणखी एक जोड हवा होता. टाकीच्या आत हात पोचत नाही. पाइप तर चहूबाजूंनी बंद. जे काही करायचं ते बाहेर उभं राहूनच करावं लागतं. अशा जोडाबद्दल नळकाम करणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, आतून धरलेला जोड तेवढा खरा. दुसरा म्हणतो, हे शास्त्र जुनं झालं, आज बाहेरून पक्का जोड घेता येतो आणि घ्यावाच.

खालचा संवाद या दोन तटांचा आहे. मामांची नोकरी एका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात फिटर म्हणून झाली. भाचा जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचनाची कामं घेतो. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांची मतं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात उभं राहिलं की कानावर पडतात. निमित्त आहे भाच्याच्या शेतातली ५,००० लिटरची काळी टाकी. तिच्या बुडाशी एक इंची नवा जोड घ्यायचा आहे.

मामा : टाकी रिकामी कर, आतून टँक निपल घाल, बाहेरून चेकनट आवळ. यात विचार करण्यासारखं काय आहे?

भाचा : आतून म्हणजे माणूस आत उतरवायचा ना मामा? तेच मला नको आहे. उन्हाळ्याची दुपार, काळी टाकी, आत हवा हलत नाही. जमिनीतल्या टाक्यांत आणि विहिरींत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिल्याला काढायला गेलेला दुसराही त्यात सापडतो. एका तोटीसाठी मी कुणाचा जीव टांगणीला लावणार नाही. माझ्याकडे रबरी ग्रोमेट आहे. बाहेरून भोक पाडायचं, त्यात ग्रोमेट बसवायचं, त्यातून पाइप सरकवायचा. अर्ध्या तासाचं काम.

मामा : माणूस उतरवायचा नाही हे शंभर टक्के मान्य. पण आत न उतरताही निपल आतून घालता येतं. वरच्या झाकणातून सुतळी सोडायची, टोकाला वजनाला एखादा नट बांधायचा. बुडाशी पाडलेल्या भोकातून आकडा केलेली तार आत घालायची आणि सुतळी पकडून बाहेर घ्यायची. आता एक टोक झाकणाशी आणि दुसरं भोकाबाहेर. झाकणाकडच्या टोकात निपल ओवायचं. आट्यांची बाजू पुढं, कॉलर मागं, कॉलरला टेकून रबरी वॉशर आधीच चढवलेला. मागं सुतळीला आडवी काडी बांधायची, म्हणजे ती निपलमधून निसटत नाही. मग बाहेरून सावकाश ओढायचं. निपल खाली उतरतं आणि भोकातून तोंड बाहेर काढतं. सुतळी ताणून धरायची आणि चेकनट चढवायचा. नट आवळताना निपल सोबत फिरायला लागलं तर त्याच्या तोंडात लाकडी पाचर ठोकून ती धरायची. सगळं काम बाहेरून, पण जोड आतला.

भाचा : युक्ती चांगली आहे. पण एवढा खटाटोप कशासाठी? कॉलर बाहेर आणि रबर बाहेर असलं तर काय बिघडतं?

मामा : पाणी कुठल्या बाजूनं ढकलतं ते बघ. ते आतून बाहेर ढकलतं. कॉलर आत असली की पाणीच तिला भिंतीवर दाबून बसवतं. टाकी जितकी भरेल तितकी ती घट्ट होते. कॉलर बाहेर असली की तोच दाब तिला भिंतीपासून सुटी करायला बघतो. प्यायच्या पाण्याचं स्टीलचं पिंप घरोघरी असतं, त्याची तोटी बघ. आत वॉशर, बाहेर वॉशर, आणि नट आत. पिंपाचं तोंड मोठं ठेवलेलं असतं, त्यातून हात आत जातो आणि नट आवळता येतो.

भाचा : दाबाची दिशा मान्य. पण दाब आहे तरी किती? दहा मीटर उंच पाण्याच्या बुडाशी चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब असतो. माझ्या टाकीत पाणी फार तर दोन मीटर उंच, म्हणजे दाब ०.२ किलो. एक इंची निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस सेंटीमीटर धरा. गुणाकार केला तर पाणी तो जोड पावणेदोन किलोच्या आसपास जोरानं बाहेर ढकलतं. एवढ्या जोराला चांगल्या रबराची पकड सहज पुरते.

मामा : तुझ्या टाकीला पुरत असेल. मी आयुष्यभर ज्या लाइनींवर काम केलं तिथं तीन किलो दाब असायचा. त्याच भोकावर तो जोर पंचवीस किलोच्या वर जातो. दहा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असेल तर तळमजल्याच्या पाइपातही तेवढाच दाब येतो. टाकीवर जमलं म्हणून तोच माणूस उद्या तेच रबर त्या पाइपावर लावतो. माझं भांडण तिथं आहे.

भाचा : बरोबर, टाकीचा जोड वेगळा आणि दाबाच्या पाइपाचा वेगळा. टाकीचं ग्रोमेट मी पंपाच्या लाइनवर कधीच लावणार नाही. पण आता माझा हिशोब पुढं ऐका. टाकीच्या जोडाला पाण्यापेक्षा मोठा शत्रू आहे, तो म्हणजे पुढचा पाइप. समजा एक इंची जीआय पाइप मीटरभर आडवा काढला आणि खाली आधार दिला नाही. पाइप अडीच किलोचा, आतलं पाणी अर्धा किलो. हे तीन किलो वजन भिंतीपासून सरासरी अर्धा मीटर लांब लोंबकळतं. त्याला तोलून धरायला कॉलरची रुंदी मिळते जेमतेम पाच सेंटीमीटर. तरफेच्या नियमानं कॉलरच्या काठावर तीस किलोच्या घरात ओढ येते. पाणी ढकलतं पावणेदोन किलोनं आणि पाइप ओढतो तीस किलोनं. मग जोड कुणामुळं जातो?

मामा : पाइपामुळं. हे मी स्वतः सांगणार होतो. गळक्या टाक्या बघायला गेलो की दहातल्या बहुतेक ठिकाणी वॉशर चांगला असायचा, पण पाइप अधांतरी असायचा. वर कुणीतरी त्यावर पाय देऊन टाकीवर चढलेलं असायचं. आतला जोड असो की बाहेरचा, पहिल्या फुटाच्या आत पाइपाला आधार हवा. त्यात दुसरी गोष्ट धर. टाकी भरली की तिचं पोट पुढं येतं, रिकामी झाली की मागं जातं. तेवढी हालचाल सहन करायला पुढच्या पाइपात एखादं वळण किंवा लवचीक तुकडा हवा.

भाचा : आणि तिसरी गोष्ट म्हणजे ऊन. दहा मीटर पीव्हीसीचा पाइप पहाटेपासून भर दुपारपर्यंत तीस अंशांनी तापला तर दोन सेंटीमीटरच्या आसपास लांबतो. तेवढाच लोखंडी पाइप चार मिलिमीटरसुद्धा लांबत नाही. जुन्या मिस्त्रींना जीआयची सवय, म्हणून ते प्लास्टिकचा पाइपही दोन्हीकडून जखडून टाकतात. मग तो दुपारी टाकीला ढकलतो आणि पहाटे ओढतो. ग्रोमेटचा फायदा इथं आहे मामा. रबर थोडं हलू देतं. चेकनटाचा जोड ताठ असतो, तो हलत नाही, भिंतीला तडा देतो.

मामा : चेकनटाला दोष देऊ नकोस, तो आवळणाऱ्या हाताला दे. मोठा पाना घेऊन, अंगाचा सगळा जोर लावून लोक नट आवळतात. वॉशर बाहेर फुगून येतो, प्लास्टिकचे आटे फाटतात. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं आणखी थोडंसं, बस. आणि चेकनटाखाली टेफ्लॉनचे वेढे देऊन काही होत नाही. तिथं पाणी वॉशर अडवतो. टेफ्लॉन पुढं, जिथं आट्यात आटे बसतात तिथं.

भाचा : म्हणजे आतला जोडही चुकतोच की.

मामा : चुकतो. पण चुकला तरी पाणी त्याच्या बाजूनं असतं. आता मला सांग, बाहेरून जोड घेणारे नव्वद टक्के लोक काय करतात? भोक पाडलं, पाइपाचा तुकडा आत खुपसला, भोवती एपॉक्सीची लुगदी थापली, झालं. चार महिन्यांनी लुगदीची अख्खी टोपी हातात येते.

भाचा : त्या लोकांना माझ्या बाजूला बसवू नका. त्यांच्याशी माझंही भांडण आहे. ही टाकी पॉलिएथिलीनची आहे. भुकटी साच्यात घालून, साचा फिरवत तापवून ती तयार होते. आपल्याकडे अशा टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे मानक आहे. पॉलिएथिलीनचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर कुठलाही नेहमीचा चिकटवा ओला पसरत नाही, मग धरणार काय? पीव्हीसीचं सोल्युशन पीव्हीसीला जोडतं, कारण ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं आणि दोन तुकडे एक होतात. पॉलिएथिलीन त्यात विरघळतच नाही. लुगदी नुसती वर बसलेली असते. टाकी फुगली, आकसली की ती सुटते.

मामा : मग पूर्वी तांब्याच्या बंबाची तोटी बाहेरूनच झाळायचे, ती कशी टिकायची?

भाचा : कारण झाळणाचा धातू वितळून तांब्यावर पसरतो आणि त्याला घट्ट धरतो. बंब जुना होतो, काळा पडतो, पण तोटी सुटत नाही. प्लास्टिकच्या टाकीलाही तसंच करता येतं. गरम हवेची गन घ्यायची, त्याच पॉलिएथिलीनची कांडी घ्यायची, टाकी आणि कांडी दोन्ही वितळवून एकजीव करायच्या. भेग पडलेली टाकी दुरुस्त करायचा तोच खरा मार्ग. बाहेरून जोड टिकतो तो तीन प्रकारे. एक, रबर दाबून धरलेला. दोन, क्लॅम्पनं आवळलेला. तीन, वितळून एक झालेला. नुसता चिकटवलेला टिकत नाही.

मामा : हे तू लिहून तुझ्या दुकानात लाव. आता भोकाचं सांग. ग्रोमेटची सगळी भिस्त भोकावर असते.

भाचा : खरं आहे. चेकनटाच्या जोडात भोक थोडं वेडंवाकडं झालं तरी कॉलरखाली झाकलं जातं. ग्रोमेटला ते चालत नाही. कंपनीनं सांगितलेल्या मापाचाच होल सॉ लागतो, आणि ते माप पाइपापेक्षा चांगलंच मोठं असतं, कारण मध्ये रबराची जाडी मावायची असते. सळई तापवून भोक पाडणारे लोक मी पाहिलेत. त्या भोकाच्या कडा जाड होतात, गाठी येतात, रबर त्यावर कधीच सरळ बसत नाही. मी ड्रिल हळू फिरवतो आणि काटकोनात धरतो. भोक पडल्यावर ब्लेडनं आतबाहेरची कड साफ करतो, मग बोट फिरवून बघतो. बोटाला काही लागलं तर रबरालाही लागणार. पाइपाचं टोक कानशीनं उतरतं करतो, साबणाचं पाणी लावतो आणि एका दमात सरळ सरकवतो. तेल किंवा ग्रीस लावत नाही. काही रबरं त्यानं फुगतात, आणि ते पिण्याच्या पाण्यातही जातं.

मामा : आणि भोकाची चकती?

भाचा : ती आत पडली तर बाहेर काढेपर्यंत मी पुढचं काम करत नाही. नाहीतर ती नेमकी व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. भोक नेहमी सपाट जागी पाडतो. कारखान्यातून टाकी येते तेव्हा जोडासाठी सपाट जागा ठेवलेल्या असतात. गोलाईवर भोक पाडलं की वॉशर दोन बाजूंना टेकतो आणि दोन बाजूंना उघडा राहतो. टाकीतलं पाणी भोकाच्या खाली गेल्याशिवाय ड्रिल लावत नाही, आणि शक्यतो बॅटरीचं ड्रिल वापरतो. ओल्या जागी वायरचं ड्रिल म्हणजे मरणाला आमंत्रण.

मामा : हात शिकलेला आहे तुझा. कुठं शिकलास?

भाचा : ठिबकनं शिकवलं. मामा, तुम्ही बाहेरच्या जोडाला नवखा म्हणता, पण आमच्या खानदेशात केळीच्या प्रत्येक बागेत असे शेकडो जोड मातीखाली आहेत. ६३ मिलिमीटरची पीव्हीसी सबमेन चरात टाकायची, तिला दर ओळीला एक भोक पाडायचं, भोकात काळं ग्रोमेट बसवायचं आणि त्यात टेक-ऑफ ठोकायचा. तिथून १६ मिलिमीटरची लॅटरल निघते. ग्रोमेटच्या खाचेत पाइपाची भिंत बसते. टेक-ऑफ आत गेला की रबर सगळीकडून दाबलं जातं. आत नट नाही, आत हात नाही. किलो-सव्वा किलो दाबावर हे जोड वर्षानुवर्षं चालतात. जळगावात ठिबकचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, तो या एवढ्याशा रबरावरही उभा आहे.

मामा : आणि एखादा जोड गळला तर?

भाचा : ओळीच्या तोंडाशी माती ओली दिसते. उकरायचं, ग्रोमेट बदलायचं. बहुतेक वेळा दोष भोकाचा निघतो. ड्रिल तिरकं धरलं तर भोक अंड्याच्या आकाराचं होतं. दुसरी चूक म्हणजे कीस. दोनशे भोकं पाडली की प्लास्टिकचा कीस सबमेनमध्ये साठतो. लॅटरल जोडण्याआधी फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाइप धुतला नाही, तर तो कीस थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. मग शेतकरी म्हणतो, माल खराब. माल चांगला असतो, धुण्याचा आळस नडतो.

मामा : ठिबकचं पटलं. पण त्यात एक सोय आहे, ती तू बोलला नाहीस. तुझ्या सबमेनमधलं पाणी पिकाला जातं. जोडातून थोडा चिखल आत गेला तर फिल्टर आणि ड्रिपर त्रास देतील, माणूस आजारी पडणार नाही. माझ्या लाइनीचं पाणी माणसाच्या पोटात जायचं.

भाचा : पण पालिकेचे घरजोडही बाहेरूनच घेतात ना? रस्त्याखालच्या मेनलाइनच्या आत कोण शिरतं?

मामा : बाहेरूनच. पण कसे, ते ऐक. ओतीव लोखंडाची लाइन असेल तर खड्डा करायचा, पाइप खरवडून स्वच्छ करायचा, वरच्या बाजूला भोक पाडून भिंतीतच आटे पाडायचे आणि पितळी फेरूल त्या आट्यांत बसवायचं. वरच्या बाजूला का, तर पाइपाच्या बुडाशी गाळ असतो, तो घरात जाऊ नये. फेरूलपासून निघालेल्या पाइपाला थोडा बाक ठेवायचा, म्हणजे रस्ता दबला तरी ओढ फेरूलवर येत नाही. मेन बंद न करता हे काम करायचं यंत्रही आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डेकेटर गावी हायरॉनिमस म्यूलर या कारागिरानं १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. यंत्र साखळीनं पाइपाला बांधायचं. त्यातूनच भोक पडतं, आटे पडतात, मधली झडप बंद होते आणि त्याच दांड्यानं फेरूल आत बसतं. भरल्या लाइनीवर, चालू दाबावर.

भाचा : म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच बाहेरच्या जोडानं स्वतःला सिद्ध केलंय.

मामा : भिंत जाड होती म्हणून. जाड ओतीव लोखंडात आटे धरतात. पीव्हीसीच्या पातळ भिंतीत कसे धरणार? तिथं सॅडल लागतं. दोन अर्धगोल, मध्ये रबर, चार बोल्ट. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं पूर्ण आवळून मग दुसरीकडं गेलं की रबर तिरकं दबतं. जास्त आवळलं की पाइपच चपटा होतो. हे सगळं रात्री खड्ड्यात, चिखलात, बॅटरीच्या उजेडात करायचं. मग मी धास्तावणार नाही तर काय?

भाचा : धास्ती गळतीची?

मामा : गळती दिसते तरी. रस्त्यावर पाणी येतं, लोक फोन करतात. धास्ती उलट्या प्रवाहाची. आपल्या गावांना दिवसातून तास-दोन तास पाणी. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, उतारावर तर आत ओढ तयार होते. ज्या जोडातून सकाळी पाणी बाहेर झिरपत होतं, त्याच जोडातून दुपारी बाहेरचं पाणी आत शिरतं. शेजारून गटार जात असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. त्यात लोक घरजोडाला थेट मोटर लावतात. ती मोटर लाइनीतलं पाणी तर खेचतेच, प्रत्येक ढिल्या जोडातून घाणही खेचते. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं मानक सांगतं. एवढी घाण आली की तो क्लोरीन तिथंच संपतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातून. अशा साथीच्या बातम्या वाचल्या की मला रस्त्याखालचे जोड डोळ्यांपुढं येतात.

भाचा : मामा, याला माझं उत्तर नाही. पण दोष सॅडलला देऊ नका. साथ आणणारे जोड बहुतेक सॅडलशिवायचे असतात. रात्रीतून फोडलेली लाइन, खुपसलेला पाइप, वर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं आवळलेली. ते जोड ना आतले, ना बाहेरचे. ते जोडच नव्हेत.

मामा : ते का होतात, हेही बोल. रीतसर जोडाला अर्ज, शुल्क, रस्ता खोदाईची परवानगी, महिनोन्‌महिने वाट. झोपडपट्टीतला माणूस तहानेपायी तोडतो लाइन. त्याला वेळेवर, परवडेल अशा दरात रीतसर फेरूल मिळालं तर तो ट्यूब का गुंडाळेल? हा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही.

भाचा : आणि चोवीस तास पाणी असलं तर दाब कायम आतून बाहेर राहील. मग बारीक गळतीतूनही घाण आत यायची नाही. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. तिथं पाणी वाया जाण्याला मीटरनं आळा घातला आणि घाणीला कायमच्या दाबानं अटकाव केला.

मामा : हे झालं तर माझी अर्धी तक्रार मिटेल. उरलेली अर्धी कशानं मिटेल?

भाचा : एचडीपीई पाइप आणि इलेक्ट्रोफ्यूजन सॅडलनं. पाइपाचा वरचा उन्हानं आणि हवेनं बिघडलेला थर खरवडून काढायचा. सॅडल क्लॅम्पनं बसवायचं, त्यातल्या तारेला ठरावीक वेळ वीज द्यायची. सॅडल आणि पाइप वितळून एक होतात. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. मग सॅडलमधलाच कटर फिरवून चालू लाइनीला भोक पाडायचं, आणि कापलेली चकती त्या कटरमध्येच अडकून राहते. बाहेरून घेतलेला जोड, पण पाइपाच्या भिंतीचाच भाग झालेला. त्यात दबायला रबर नाही, सैल व्हायला बोल्ट नाही.

मामा : खरवडलं नाही तर?

भाचा : तर वरून सगळं छान दिसतं आणि आतून धरलेलं नसतं. त्या खरवडण्याच्या दोन मिनिटांवरच सगळं आहे.

मामा : म्हणजे शेवटी माणसाच्या हातावरच आलं. माझं मत तरी बदललेलं नाही. जिथं आतून कॉलर घालता येते, तिथं ती आतूनच घालायची. सुतळीनं ओढून घालायची, पण आत घालायची.

भाचा : आणि माझंही बदललेलं नाही. जिथं आत पोचताच येत नाही, तिथं बाहेरचा जोड हलका मानायचा नाही. त्याला त्याचं भोक, त्याचं रबर आणि त्याचा वेळ द्यायचा. या टाकीला मात्र झाकण आहे. सुतळी आणतो, तुम्ही दाखवा. सबमेनचे जोड मी माझ्या पद्धतीनं घेईन, तुम्ही बघा.

दोघांचं एकमत झालं नाही आणि ते व्हायला हवं असंही नाही. मामांचं म्हणणं दाबाच्या दिशेवर उभं आहे आणि ते खोडता येत नाही. भाच्याचं म्हणणं गरजेवर उभं आहे. जमिनीखालच्या कुठल्याही पाइपाला आतून हात लागत नसतो, म्हणून शहराचा प्रत्येक घरजोड आणि बागेतली प्रत्येक ठिबकची ओळ बाहेरच्या जोडावर चालते. मला स्वतःला भाच्याची एक ओळ सर्वांत मोलाची वाटते : दाबून धरलेला, आवळलेला किंवा वितळून एक झालेला जोड टिकतो, चिकटवलेला टिकत नाही. प्लास्टिकच्या टाकीभोवती लुगदी थापून जे काम होतं त्याला दुरुस्ती म्हणू नये.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात किंवा शेतात टाकीला नवा जोड घेताना मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा. हा जोड कशानं धरलेला आहे? पुढच्या पाइपाचं वजन कोण पेलणार आहे? आणि भोक पाडल्यावर आतली चकती आणि कीस बाहेर काढला का? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पाणी सोडू नका. टाकीत माणूस उतरवू नका. पालिकेच्या लाइनीला स्वतः हात लावू नका. तो जोड परवानाधारक प्लंबरकडून, पालिकेच्या परवानगीनंच घ्या. लाइनीला थेट मोटर लावलेली असेल तर ती आजच काढा. तुमच्या मोटरनं खेचलेलं पाणी शेजारच्या घरातलं लहान मूलही पितं.